जुनं वॉकिंग फूट मशीन चामड्यावर टाके सोडतंय: सुई, धागा की टायमिंग?

बोरीकाठ (अमळनेर)

राम राम मंडळी. सुरतहून एक जुनं वॉकिंग फूट मशीन आणलंय. सपाट बेड, सुई-पाय-दाते तिघं मिळून माल पुढे नेतात, बॉबीन मोठी आणि आडवी, वरून टाकायची. खाली सिंगल फेज क्लच मोटर (सतत फिरत राहते, पायडल दाबलं की मशीनला जोडली जाते), पाटीवर २८८० आरपीएम लिहिलंय. मोटरची पुली ८० मिमी, मशीनच्या चाकाची खाच साधारण १०० मिमी.

काम छंदाचं आहे: पाकिटं, कमरेचे पट्टे, आणि जमलं तर सारंगखेड्याच्या (दत्त जयंतीला भरणाऱ्या, घोडेबाजाराच्या) यात्रेच्या आधी घोड्याची लगाम आणि तोंडाचा साज.

जीनच्या कापडाचे चार पदर सरळ शिवले जातात. पण म्हशीचं झाडसालीत कमावलेलं २ मिमी चामडं दुहेरी घेतलं (एकूण ४ मिमी) की असं होतं:

१. चार-सहा टाक्यांनंतर एक टाका सुटतो.
२. वरचा धागा पिंजतो आणि फूटभर शिवलं की तुटतो.
३. सुरुवातीला खाली गुंता होतो.
४. पायाच्या दातऱ्यांचे वळ चामड्यावर उमटतात.
५. पायडलला जरा पाय लावला की मशीन सुटतंच. संध्याकाळी व्होल्टेज १८० पर्यंत उतरतं तेव्हा उलट, मोटर नुसती घुमते आणि सुई चामड्यात अडकते.

सुई १८ नंबर (११०), गोल टोकाची. धागा बॉन्डेड नायलॉन टेक्स १३५ (टेक्सचा आकडा मोठा तितका धागा जाड), वर आणि खाली तोच. ज्यांनी मशीन दिलं ते म्हणतात टायमिंग (सुई आणि हुक भेटायची वेळ) गेलंय, बसवायचे वेगळे पैसे पडतील. टायमिंगला हात घालू का? आणि याऐवजी चपला शिवायचं हाताने फिरवायचं पॅचर घेतलं असतं तर बरं झालं असतं का?

---

गिरणा (चाळीसगाव)

भाऊ, टायमिंगच्या स्क्रूला आत्ता हात लावू नका. जीन सरळ शिवली जाते याचा अर्थ हुक (बॉबीनभोवती फिरून वरचा धागा पकडणारा भाग) आणि सुई एकमेकांना भेटतायत. तुमच्या पाचातल्या पहिल्या दोन तक्रारींचं मूळ सुई आणि धाग्याच्या जोडीत आहे.

टेक्स १३५ चा धागा सुमारे ०.४ मिमी जाड असतो. १८ नंबरच्या सुईच्या लांब खाचेत तो मावत नाही, बाहेर उरतो. कापड मऊ असतं, बाजूला सरकतं, म्हणून तिथे निभावतं. चामडं सरकत नाही. सुई खाली जाताना धागा भोकाच्या कडेवर घासतो, पिंजतो, आणि सुई वर येताना धाग्याचा जो फुगा (फासा) तयार व्हायला हवा तो होतच नाही. हुकाच्या टोकाला धरायला काही मिळालं नाही की टाका सुटला.

जोड्या अशा लावा:

टेक्स ७०: सुई १८ (११०)
टेक्स ९०: सुई १९ किंवा २० (१२०–१२५)
टेक्स १३५: सुई २२ (१४०), कडक चामड्याला २३ (१६०)
टेक्स २१०: सुई २४ (१८०)

तुमच्या वर्गाचं मशीन टेक्स १३५ वर खुशीत चालतं. २१० ओढून-ताणून जातं. त्याच्या पुढचा धागा हवा असेल तर ४४१ वर्गाचं जड मशीन लागतं, या मशीनला तो लावू नका.

जोडी बरोबर आहे का ते मशीनशिवायही कळतं. हातभर धागा सुईत ओवून दोन्ही हातांत ४५ अंशांत तिरका ताणून धरा. सुई आपल्या वजनाने खाली घसरली तर जोडी जमली. अडकून बसली तर सुई बारीक आहे. धपकन पडली तर मोठी.

आता सुईचं टोक. या प्रकारच्या बहुतेक मशीनना १३५×१७ (डीपी×१७) ही सुई लागते. ते टोक गोल, कापडाचं. चामड्याची धारदार टोकाची तीच लांबीची सुई म्हणजे १३५×१६ (डीपी×१६). १३५×५ मिळते तिचा दांडा जवळपास तितकाच जाड असल्यामुळे ती बसते, पण लांबीला साधारण ५ मिमी कमी आहे, तिने टाका लागणार नाही. दुकानात नुसतं ‘मोठ्या मशीनची बावीस’ म्हणून मागू नका, पाकिटावरचा आकडा वाचून घ्या.

टोकांतही फरक आहे. एलआर टोक तिरका काप घेतं, टाका थोडा तिरपा दिसतो, पाकिटावर तो छान उठतो. एस टोक शिवणीच्या रेषेतच काप घेतं. टाका सरळ आणि आत बसलेला येतो, पण ३ मिमीपेक्षा बारीक टाका घेतला तर काप एकमेकांना जोडले जातात आणि चामडं तिकिटाच्या भोकांसारखं फाटतं. तिकोनी टोक जाड, कडक मालाला. सुरुवात एलआरने करा.

सुई बसवताना पूर्ण वर ढकला. लांब खाच धागा ज्या बाजूने येतो त्या बाजूला, खोलगट भाग हुकाकडे. जाड सुईत हे पाच-दहा अंशांनी चुकलं तरी टाके सुटतात.

धाग्याचा पीळही बघा. मशीनला डावा म्हणजे झेड पिळाचा धागा लागतो. दोन्ही चिमटीत धागा आडवा धरून उजव्या हाताने वरची बाजू आपल्याकडे गुंडाळा. पीळ घट्ट झाला तर डावा. सुटायला लागला तर तो धागा हातशिवणीला ठेवा, मशीनमध्ये तो उलगडत जाईल आणि पिंजल्यासारखाच दिसेल.

तिसरी तक्रार सोपी. खाली गुंता दिसला की लोक बॉबीन खोलतात, पण खालचा गुंता वरच्या धाग्यामुळे होतो. मशीनचा पाय वर असताना टेन्शनच्या चकत्या उघड्या असतात, धागा तेव्हाच ओवा, म्हणजे तो चकत्यांमध्ये नीट बसेल. शिवायला सुरुवात करताना दोन्ही टोकं मागे धरून ठेवा, पहिले तीन-चार टाके होईपर्यंत सोडू नका.

---

पांझरा (धुळे)

मोटरबद्दल लिहितो.

तुमचा हिशोब: २८८० × ८० ÷ १०० = मिनिटाला २३०४ टाके. म्हणजे सेकंदाला ३८. चार मिमीच्या टाक्याने सेकंदात १५ सेंटीमीटर चामडं पायाखालून जाणार. पाकिटाची एक बाजू तेवढीच असते. कारखान्यात क्लचवर पाय अर्धवट दाबून वेग सांभाळणारे कारागीर असतात, पण छंदाच्या कामासाठी ती कसरत शिकत बसण्यात अर्थ नाही.

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे मोटरची पुली ५० मिमीची करणे. वेग १४४० वर येतो, आणि सुईमागचा जोरही त्याच प्रमाणात वाढतो. पट्टा लहान लागेल. तो एम सेक्शनचा असतो आणि त्यावरचा आकडा इंचांतली लांबी सांगतो. नवी पुली लावून, मोटर आहे त्या जागी ठेवून, दोरीने माप घ्या. पट्टा बसवल्यावर मधोमध बोटाने दाबा, १२ ते १५ मिमी दबला पाहिजे. जास्त ताणला तर चाकाकडचं बुश झिजतं.

पण खरा उपाय सर्व्हो मोटर (वेग हवा तितका कमी-जास्त करता येणारी), ५५० किंवा ७५० वॅट. कमीत कमी वेग २०० आरपीएमपर्यंत उतरणारी घ्या, काही ५०० च्या खाली येत नाहीत. ५० मिमी पुलीवर २०० म्हणजे मिनिटाला १०० टाके. एवढा वेग तुमच्या डोळ्याला आणि हाताला पेलतो. मात्र बऱ्याच सर्व्हो मोटरींचा जोर अगदी खालच्या वेगाला गळतो. ४ मिमीचं कडक चामडं आणि पट्ट्याची दुमड शिवायची असेल तर मधे १:३ ची रिडक्शन पुली टाका. वेग तिसऱ्या हिश्श्यावर येतो, जोर जवळपास तिप्पट. सुई वर थांबवणारं यंत्र काहींसोबत मिळतं, पण मोटर आणि मशीनमध्ये पुली बदलली की त्याला चाकावरचा वेगळा सेन्सर लागतो हे लक्षात ठेवा.

संध्याकाळच्या व्होल्टेजचं: साध्या मोटरचा जोर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो. २३० चे १८० झाले की व्होल्टेज ७८ टक्के, पण जोर ६१ टक्केच. म्हणून ती घुमते. अशी घुमत ठेवू नका, वाइंडिंग तापून जळतं. सुई चामड्यात अडकली तर पायडलवरचा पाय काढा आणि चाक हाताने फिरवून सुई बाहेर घ्या. सर्व्होला व्होल्टेज फार उतरलं तर ती एरर दाखवून बंद पडते, म्हणून किमान १ केव्हीएचा स्टॅबिलायझर लावा. आपल्याकडे शेतीच्या फीडरवर घर असेल तर तो हवाच. आणि तीन पिनांचा प्लग, खरं अर्थिंग. लोखंडी स्टँड आहे, पाय त्यावरच असतो.

चाकाचा वरचा भाग आपल्याकडे फिरला पाहिजे. नवी मोटर उलटी फिरत असेल तर कंट्रोलरवर दिशेची सेटिंग असते.

---

हतनूर (भुसावळ)

गिरणा यांच्याशी सहमत. त्यात एक भर.

हे मशीन आधी कदाचित २२-२३ नंबरच्या सुईवर बसवलेलं असेल. १४० ची सुई १.४ मिमी जाड, ११० ची १.१ मिमी. दोन्हींच्या मध्यरेषेपासून कडेपर्यंतचा फरक ०.१५ मिमी. हुक जाड सुईला लागून बसवला असेल आणि तुम्ही बारीक सुई लावली, तर टोक आणि सुईमध्ये तेवढी फट वाढली. चामड्यावर एवढी फट टाका सोडायला पुरते. म्हणजे योग्य सुई लावल्यावर टायमिंगचा प्रश्न आपोआप मिटण्याची शक्यता आहे. उलट आज १८ च्या सुईवर हुक जवळ आणून बसवला, तर उद्या २२ लावल्यावर तो सुईवर आदळेल.

नवी २२ लावूनही टाके सुटले तरच पुढचं करा. मोटरचा प्लग काढून, सगळं हाताने.

सुईपट्टी काढा. हुकाखालचा कापूस-धूळ ब्रशने साफ करा. हुकाच्या टोकावरून नख फिरवा. नख अडलं तर तिथे सुई आपटल्याचा व्रण आहे, तो धागा पिंजतो. १००० ते १२०० नंबरच्या पॉलिशपेपरने फक्त व्रण गुळगुळीत करा, टोक बोथट करू नका. सुईपट्टीच्या भोकाची कडही तशीच तपासा.

आता चाक आपल्याकडे फिरवत सुई सगळ्यात खाली न्या. तिथून सुई २ ते २.५ मिमी वर आली की हुकाचं टोक बरोबर सुईच्या मध्यरेषेवर, नेढ्याच्या वरच्या कडेपासून सुमारे दीड ते दोन मिमी वर, खोलगट भागात दिसायला हवं.

इथे दोन चुका वेगळ्या ओळखा. टोक सुईपाशी वेळेवर येतंय पण नेढ्याच्या फार वर किंवा नेढ्याशीच येतंय, तर सुईच्या दांड्याची उंची चुकलीय. टोक लवकर किंवा उशिरा येतंय, तर हुकाचं टायमिंग. आधी उंची, मग टायमिंग. दोन्ही एकदम सैल केलं तर कुठून निघालो तेच सापडत नाही. सैल करण्याआधी जुन्या जागेवर मार्करने रेघ मारा आणि मोबाइलने फोटो काढा.

टोक आणि सुईतली फट ०.०५ ते ०.१ मिमी. छपाईचा साधा कागद सुमारे ०.१ मिमी जाड असतो, अंदाजाला तोच वापरा. या मशीनमध्ये सुई पुढे-मागे झुलते, म्हणून फट तुम्ही वापरता त्या टाक्याच्या लांबीवर बसवा आणि मग रिव्हर्सवरही फिरवून बघा. रिव्हर्सला सुई हुकाला घासता कामा नये.

बॉबीनच्या टोपलीला जरासं मागे ढकलणारा छोटा हात असतो. धागा टोपलीच्या कानापाशी येतो तेव्हा त्याने जागा करून द्यायची असते. तो झिजला किंवा सरकला असेल तर जाड धागा तिथे अडकून ‘टक’ असा आवाज येतो आणि खाली सैल फासे दिसतात. लोक याला टेन्शन समजून वरचा स्क्रू आवळत बसतात. उघडल्यावर तिथे धाग्याच्या जाडीपेक्षा थोडी जास्त फट दिसली पाहिजे.

ज्या मशीनला सेफ्टी क्लच आहे तिथे गुंता अडकल्यावर चाक फिरतं पण हुक फिरत नाही. तो मोडलेला नसतो, सुटलेला असतो. गुंता काढा, बेडवरचं बटण दाबून चाक जोराने उलटं फिरवा, खट् आवाज आला की बसला.

तेल: फक्त शिलाई मशीनचं पांढरं तेल. खोबरेल किंवा शेंगदाण्याचं तेल घातलेली मशीनं येतात. ते तेल काही महिन्यांत लाखेसारखं घट्ट होतं आणि सगळं जड फिरतं. तुमचं चाक हाताला जड लागत असेल तर आधी रॉकेलने धुऊन, पुसून, मगच तेल द्या. हुकाच्या धावपट्टीवर कामाच्या दिवशी एक-दोन थेंब. पहिल्यांदा टाकाऊ तुकड्यावर शिवा, नाहीतर ते तेल चांगल्या चामड्यावर उतरतं आणि झाडसालीच्या चामड्यातून डाग जात नाही.

---

रापी-आरी (नंदुरबार)

मशीनचं वरच्यांनी सांगितलं, मी चामड्याचं सांगतो.

वळ उमटतात कारण पाय आणि दाते रेक्झिन-कापडासाठीचे, खडबडीत आहेत. प्लेन तळाचा आतला-बाहेरचा पाय जोडीने मिळतो, तो घ्या. खालचे दाते सुईपट्टीच्या वर मिलिमीटरभरच असू द्या, आणि त्यांची शिखरं बारीक पॉलिशपेपरने जरा मोडा. सपाट करू नका, माल घसरेल. पायाचा दाब एकेक फेरा कमी करत जा. पण फार कमी केला तर सुईबरोबर चामडंही वर उचललं जातं आणि पुन्हा टाके सुटतात. चामडं उचललं जाणं जिथे थांबतं, तो दाब बरोबर. शिवण्याआधी चामडं ओलं करायचं नाही. ओल्या झाडसालीच्या चामड्यावर नखाचाही ठसा राहतो.

चिकटवण्यात बरीच जणं घाई करतात. एसआर किंवा रबर सोल्युशन दोन्ही बाजूंना पातळ, कडेपासून ८–१० मिमी पट्टीतच लावा. हाताला चिकटेनासं झालं की जोडा आणि हातोडीने ठोका. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो तेव्हा ते दोन-तीन मिनिटांत सुकून जातं, म्हणून एका वेळी वीतभरच लावत जा. शिवण मात्र दुसऱ्या दिवशी. ओल्या सोल्युशनमधून गेलेली सुई चिकट होते, आणि धागा पिंजायचं हे आणखी एक कारण आहे. दुहेरी टेपनेही तेच होतं, ती शिवणीच्या रेषेबाहेर लावा.

उन्हाळ्यात चामडं पापडासारखं कोरडं पडतं, सुई जड जाते आणि दुमडीला तडे जातात. नीट्सफूट तेलाचा (गुरांच्या पायांच्या हाडांपासून काढलेलं, चामडं मऊ ठेवणारं तेल) पातळ हात वरच्या बाजूने, चिकटवून झाल्यानंतर द्या. आधी दिला तर सोल्युशन धरत नाही.

पट्ट्याची बक्कलकडची दुमड रापीने छिलून पातळ करा, २ मिमीची १ मिमीपर्यंत, शेवटाला शून्याकडे. पाय एकदम पायरी चढला की पहिला टाका बारीक पडतो. पायाच्या मागे तेवढ्याच जाडीचा तुकडा ठेवला की पाय सपाट राहतो.

टाक्याची लांबी: पाकिटाला ३.५ ते ४, पट्ट्याला ५. शिवण कडेपासून ३–४ मिमी आत.

आता लगामीचं, आणि हे मनापासून सांगतोय. शोभेचा साज, कपाळपट्टी, गोंडे मशीनवर शिवा. पण लगाम कडीला जिथे जोडली जाते, बक्कल जिथे बसते, तिथे मशीनचा टाका वापरू नका. मशीनचा टाका वरच्या आणि खालच्या धाग्याच्या गाठीवर उभा असतो. एक धागा झिजून तुटला की पुढचे टाके ओढीने उसवत जातात. आरीने भोकं पाडून, एकाच धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया लावून घातलेला हातटाका वेगळा. त्यात प्रत्येक भोकातून दोन्ही सुया जातात, एक तुटला तरी दुसरा धरतो. दत्त जयंतीच्या गर्दीत बिथरलेल्या घोड्यावर बसलेल्या माणसाचा जीव त्या चार इंचांवर असतो. चामडं तिथे अखंड, ३.५ ते ४ मिमी, पोटाकडचं सैल नाही, पाठीचं. धागा पॉलिएस्टरचा, मेण लावलेला. नायलॉन उन्हाने लवकर कमजोर होतो आणि ओला झाला की ताणतो.

पॅचरबद्दल: ते चपला-बुटांच्या आत, पिशवीच्या कोपऱ्यात पोचायला आहे. पाय कुठल्याही दिशेला वळतो हा त्याचा गुण. पण बॉबीन अगदी लहान, जाड धागा चालत नाही, एकटा पायच माल ओढतो म्हणून लांब सरळ शिवण वाकडी जाते आणि दातऱ्यांचे वळही उमटतात. पट्टे-पाकिटांसाठी तुमचंच मशीन बरं.

---

बोरीकाठ (अमळनेर)

सगळ्यांचे आभार. डीपी×१६ एलआर २२ लावली, टेक्स १३५ तोच ठेवला, टायमिंगला हात लावला नाही. सरळ शिवणीत एकही टाका सुटत नाही, धागा पिंजत नाही. सुरुवातीचा गुंताही गेला. सर्व्हो मागवतो, तोवर चाक हाताने फिरवतोय.

दोन गोष्टी राहिल्या. कोपऱ्यावर वळलं की वळणानंतरचा पहिला टाका सुटतो. आणि पाकिटाच्या पातळ भागात (एकूण १.२ मिमी) खालच्या बाजूला गाठी टोचून दिसतात, ४ मिमीवर दिसत नाहीत.

---

हतनूर (भुसावळ)

कोपरा: सुई अगदी तळाला असताना चामडं वळवलं की फुगा पिळला जातो आणि हुक चुकतं. सुई तळाला नेऊन चाक आणखी थोडं पुढे फिरवा, सुई दोन-तीन मिमी वर येऊन हुकाने धागा पकडला की मग पाय उचलून वळा. सुई चामड्यातच राहिली पाहिजे.

गाठी: १.२ मिमीच्या पोटात ०.४ मिमीच्या दोन धाग्यांची गाठ लपायला जागाच नाही, टेन्शन कितीही फिरवलं तरी. पातळ भागाला वर-खाली टेक्स ७० आणि सुई १८ घ्या. तुमच्याकडची १८ गोल टोकाची आहे, चामड्याच्या टोकाची आणा. तिच्यावर टाके सुटायला लागले तर हुकाच्या फटीचं मी वर लिहिलंय ते कारण समजा आणि टेक्स ९० व सुई २० वर या, मधली जोडी दोन्हीकडे चालते. या मशीनची बॉबीन केस हातात लोंबकळवून टेन्शन तपासता येत नाही. खालचा धागा बोटाने ओढून बघा, हलका पण एकसारखा विरोध लागला पाहिजे. तो एकदा बसवा आणि मग फक्त वरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा. गाठ खाली दिसली तर आवळा, वर दिसली तर सैल करा. बॉबीन काठोकाठ भरू नका, कडेपासून मिलिमीटरभर कमी.